गवताळ तळ्यावर मासा लागतो, पण काठावर येत नाही: काय चुकतं आणि काय करावं

गेल्या हिवाळ्यात मी ओळीनं चार रविवार एकाच तळ्यावर गेलो. करवीर तालुक्यातलं गावतळं, कोल्हापुरातून मोटारसायकलवर अर्धा तास. सकाळी जायचं आणि दुपारच्या जेवणाला घरी यायचं, एवढीच मुभा होती. पहिल्या तीन रविवारांत सहा मासे लागले, पण हातात एकही आला नाही. दर वेळी तोच प्रकार. रॉडला बांधलेली घंटी वाजते, रॉड वाकतो, दहा-पंधरा सेकंद जीव घशाशी येतो आणि मग सगळं एकदम जड आणि मुकं होतं. ओढत ओढत काठाला आणावं तर गळाला गवताचा पेंढा, म्हशीला टाकायच्या वैरणीएवढा. मासा नाही. दोनदा तर गळही नाही.

पहिल्या रविवारनंतर मी जाड तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, आणलं. दुसऱ्यानंतर मोठे गळ घेतले. तिसऱ्यानंतर लांब फेकायला आणखी वजनदार शिसं. चौथ्या रविवारी हा सगळा जाडजूड सरंजाम घेऊन बसलो, तर मासा लागायचाच बंद झाला.

त्या दिवशी शेजारी एक मामा बसले होते. गावातलेच, वय सत्तरीच्या आसपास, हातात बांबूची साधी काठी आणि मोरपिसाच्या देठाचं तरंगणारं बूच. दोन तास माझ्याकडं बघून झाल्यावर म्हणाले, "नदीवर धरतोस न्हवं तू?" मी म्हटलं, हो, पंचगंगेवर. कशावरून ओळखलंत? त्यांनी माझ्या शिशाकडं बोट केलं. "ते धोंडं बघून."

माझ्या चुकांचं मूळ तिथंच होतं. आपल्याकडं बहुतेकांचा हात नदीवर बसलेला असतो. नदीत ओढ असते, म्हणून ऐंशी-शंभर ग्रॅमचं शिसं लागतं. तळाला दगडगोटे असतात, म्हणून तंगूस जाड लागतं. स्प्रिंगला शेंगदाण्याची पेंड लावून भोवती पाच-सहा गळांचा गुच्छ सोडायची पद्धतही तिथंच चालते. तळ्यात ओढ नसते आणि तळाला दगडांऐवजी गवत असतं. तिथं हीच हत्यारं उलटतात. जड शिसं गवत फाडून खाली जातं, मागोमाग गळही, आणि आमिष अशा जागी जाऊन बसतं की माशाला ते दिसतही नाही. चुकून सापडलंच तर मासा लागताक्षणी गवताच्या मधोमध असतो. त्याला पळून कुठं जायचीही गरज नसते.

आधी गवत कुठलं ते बघा

गळाला आलेलं गवत आपण शिव्या घालत झटकून टाकतो. तसं करू नका. तळ कसा आहे, हे फुकटात सांगणारी वस्तू तीच आहे. हातात घेऊन नीट बघा.

देठाभोवती छोट्या पानांची चक्रं, दर चक्रात चार-पाच पानं आणि कडेवरून बोट फिरवलं की बारीक खरखर लागत असेल, तर ते हायड्रिला. आपल्याकडं सरसकट त्यालाही शेवाळच म्हणतात. तळात मुळं धरून ते पृष्ठभागापर्यंत वाढतं, पण देठ ठिसूळ असतो, ताणलं की तुटतो. म्हणजे त्यातून मासा बाहेर काढता येतो. फितीसारखी लांब पानं आली, तर ते बुडाशी झुपक्यानं वाढणारं पाणगवत. दोन झुपक्यांमध्ये बऱ्याचदा मोकळी जमीन सापडते. या दोन्हींत मासे धरता येतात.

हिरव्या केसांच्या गुंत्यासारखं, बुळबुळीत, हाताला चिकटणारं शेवाळ आलं तर मात्र जागा बदला. ते तळावर गोधडीसारखं पसरतं आणि आमिषाला सगळीकडून गुंडाळून टाकतं. काळपट, कुजलेलं, सडक्या अंड्याच्या वासाचं काही आलं तरी तेच करा. तिथं तळाशी प्राणवायू उरलेला नसतो. अशा जागी मासा चरायला थांबत नाही.

आणि गवतात बारक्या गोगलगायी, झिंग्यांची पिल्लं, किड्यांच्या अळ्या वळवळताना दिसल्या तर तिथंच ठिय्या द्या. सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प मासा, याच खाण्यासाठी गवतात शिरतो. त्याचे दात तोंडात नसतात, घशात असतात. गोगलगायीचा शंख तो तिथं फोडतो.

जलपर्णीचं प्रकरण वेगळं. रंकाळ्यावर आपण सगळ्यांनी ती पाहिली आहे, तेव्हा ओळख करून द्यायला नको. ती तरंगते आणि वाऱ्याबरोबर सरकते. सकाळी मोकळा असलेला काठ अकराच्या वाऱ्यात बंद होऊ शकतो, म्हणून बसण्याआधी वारा कुठून आहे ते बघून घ्यावं. तिच्या दाट थराखाली उजेड पोचत नाही आणि हवाही नीट मिसळत नाही, त्यामुळं खूप आत गळ टाकण्यात अर्थ नाही. तिच्या कडेपासून हात-दीड हातावर टाकावा.

हे सगळं वाढतं कशानं, हेही आपल्याला ठाऊक आहे. वरच्या उसाच्या रानातलं खत पावसाच्या पाण्याबरोबर उतरतं, काठावर म्हशी धुतल्या जातात, गावातलं सांडपाणी येऊन मिळतं. तळ्याला रोजचा खुराक मिळतो. तळं साफ करायचं काम आपण रविवारच्या चार तासांत करणार नाही, त्यामुळं पुढं जाऊ.

मोकळी जागा कशी शोधायची

या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा. पहिला अर्धा तास गळ न बांधता घालवा. तंगूसाच्या टोकाला फक्त वजन, तीसेक ग्रॅमचं.

वजन फेका. पाण्याला टेकलं की रीलवर बोट ठेवून दोरा ताठ धरा आणि मनात आकडे मोजा. तळाला लागताना रॉडच्या मुठीत जे जाणवतं, तिकडं सगळं लक्ष द्या. कडक तळ असेल तर स्पष्ट "ठक" येतो, टेबलावर पेला ठेवल्यासारखा. मऊ गाळ असेल तर बोथट "थप". गवत असेल तर काहीच येत नाही, दोरा नुसता हळूहळू सैल पडतो. आकडेही बोलतात. एका जागी सहापर्यंत मोजून वजन टेकलं आणि शेजारी तीनलाच थांबलं, तर तिथं ते तळाला गेलेलंच नाही, गवताच्या माथ्यावर बसलं आहे.

मग दोरा ताठ ठेवून रॉडनं वजन हळू, वीतभर वीतभर ओढा. लोण्यावरून सुरी फिरावी तसं सरकलं तर मऊ, स्वच्छ तळ. कुरकुर आली तर मुरूम किंवा खडी. अडकलं, ताणल्यावर सुटलं, पुन्हा अडकलं, म्हणजे गवत. मी शोधत असतो ते गवतानंतर अचानक दोन-तीन फूट मोकळं सरकणं आणि पुन्हा गवत. ताटाएवढी, सुपाएवढी अशी मोकळी जागा गवताच्या मधे असते. पुष्कळदा ती माशांनीच चरून साफ केलेली असते. त्या चौथ्या रविवारी मामांच्या सांगण्यावरून मी असं पहिल्यांदा केलं. चार रविवार ज्या काठावर बसून मी पार मधोमध फेकत होतो, त्याच काठापासून जेमतेम वीस पावलांवर सुपाएवढा मुरमाचा तुकडा सापडला. मी रोज त्याच्यावरून शिसं भिरकावत होतो.

जागा सापडली की हरवू नये याची सोय करा. पलीकडच्या बांधावरची खूण धरा: नारळ, विजेचा खांब, मोटारीची खोली. ढग किंवा बांधलेली म्हैस धरू नका. हसू नका, मी म्हैस धरली होती. अंतरासाठी दोऱ्यावर रॉडच्या टोकाशी लोकरीची किंवा सुती दोऱ्याची बारीक गाठ बांधा. रीलच्या फिरकीला दोरा अडकवायची क्लिप असते, तीही चालते, पण गळ पाण्यात पडला की दोरा क्लिपमधून लगेच काढायचा. मी एकदा विसरलो. मासा लागला, पळाला, दोरा क्लिपपाशी संपला आणि बंदुकीसारखा आवाज होऊन तुटला. त्यानंतर मी लोकरच वापरतो.

मोकळी जागा मिळालीच नाही तर दाताळ्याला दोर बांधून काठाजवळचं गवत ओढून काढतात. एक-दोन दिवस आधी केलं तर फायदा होतो, कारण ढवळलेल्या तळातले किडे खायला मासे येतात. अर्ध्या दिवसाच्या फेरीत मात्र आल्या आल्या दाताळं फेकलं तर तासभर सगळं बिथरलेलं राहतं. शिवाय तळं ज्यांच्या ठेक्यात आहे त्यांना विचारल्याशिवाय हे करू नये.

वजन आणि गळ

स्थिर पाण्यात वीस ते तीस ग्रॅम पुरतं. आणि ते तुटून पडेल असंच बांधायचं. मुख्य तंगूस आठ किलोच्या ओढीला तुटणारं असेल तर वजन दोन-तीन किलोच्या वेगळ्या तुकड्यानं स्विव्हलला (गोल फिरणाऱ्या कडीला) लटकवा. मासा गवतात घुसला की आधी वजन अडकतं, माशाच्या ताकदीनं तो बारका तुकडा तुटतो आणि मासा सुटा राहतो. वजन तुटलं की मासा वरच्या थरात यायला बघतो, आणि नेमकं तेच आपल्याला हवं असतं. माझे सहापैकी निदान तीन मासे न तुटणाऱ्या शंभर ग्रॅमच्या शिशानं घालवले, याबद्दल आता मला शंका नाही.

दर वेळी शिसं तळ्यात सोडून द्यायला मन घेत नाही, आणि सोडूही नये. शिसं विषारी असतं, पाणपक्ष्यांच्या पोटात गेलं तर घात करतं. त्यावर आपल्या कोल्हापुरात सोपा इलाज आहे. उद्यमनगरात ओळखीचा लेथवाला नसेल असा माणूस विरळा. सोळा एमएमचा लोखंडी नट तीस-पस्तीस ग्रॅमचा भरतो. आटे गेलेले, टाकाऊ नट मूठभर मागून आणा. आतून दोरा घालून बांधा, गंजले तरी बिघडत नाही.

गळांचा गुच्छ तर गवतात पूर्ण बंद. सहा गळांतला एक माशाच्या ओठात असतो आणि उरलेले पाच मोकाट. मासा गवतातून जाताना हेच पाच दाताळ्यासारखे गवत गोळा करतात. मासा तिथं नांगर टाकलेल्या होडीसारखा अडकतो आणि झटके देऊन ओठातला गळ सोडवून घेतो. एकच गळ ठेवा, फार तर दोन. मला हे पटायला सर्वांत जास्त वेळ लागला. सहा गळ असले की लागण्याची शक्यता सहापट, असा माझा हिशोब होता. लागण्यापुरता तो खराही असेल, पण माझी अडचण लागण्याची नव्हतीच.

गळ मोठा नको, जाड तारेचा हवा. नखावर टोक टेकवून ओढून बघा: घसरला तर बोथट, रुतला तर ठीक. गाठ मारताना थुंकी लावून ओली करा. कोरडी गाठ आवळली की तंगूस तापतं आणि तिथंच कमजोर होतं.

ब्रेडेड (विणलेला) दोरा वापरावा का, हे बरेच जण विचारतात. तो गवत कापतो, हे खरं. पण ताणला जात नाही, त्यामुळं जवळ आलेल्या माशाच्या झटक्यात ओठ फाटतो, आणि दगडावर घासला की पटकन जातो. मी साधं तंगूसच वापरतो.

आमिष गवतात बुडतं तेव्हा

इथं आपली शेंगपेंड कामाला येते. फक्त ती खाण्यापुरती नसते, गळाला झाकायची टोपीही तीच. गळासकट वजनाभोवती पेंडीचा लिंबाएवढा गोळा दाबून बसवला की खाली जाताना गळाच्या टोकाला गवत लागत नाही. तळाला गेल्यावर पेंड विरघळते आणि त्या चुऱ्याच्या मधोमध आमिष उघडं पडतं.

माझं प्रमाण असं: कुटून चाळलेली शेंगपेंड दोन वाट्या, मक्याचा भरडा एक वाटी, भाताचा कोंडा अर्धी वाटी. पाणी अगदी बेतानं शिंपडून, वरून दोन चमचे काकवी. गुऱ्हाळं सुरू असली की ताजी काकवी मिळतेच, नसेल तर गूळ विरघळवून घ्या. मळून पंधरा मिनिटं झाकून ठेवा, मग लागलं तर पुन्हा पाण्याचा शिपका द्या. बुरसट वासाची पेंड स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

गोळा बरोबर झाला की नाही हे तळ्यात टाकून कळत नाही. बादलीत टाकून बघा. पडल्या पडल्या फुटला तर पाणी कमी किंवा दाब कमी. दहा मिनिटांनंतरही लाडवासारखा तसाच बसला असेल तर चिकट झालाय, कोंडा वाढवा. पाच-सात मिनिटांत कडेनं ढासळत गेला पाहिजे. नदीवरची पेंड आपण घट्ट मळतो, कारण तिथं ओढीत टिकायला हवी असते. तळ्यात तोच गोळा अर्धा तास दगडासारखा पडून राहतो. हीसुद्धा नदीवरचीच सवय.

गळाला मक्याचे दोन दाणे लावतो. मका चोवीस तास भिजवून, नखानं दाबला जाईल इतका शिजवायचा. कच्चा टाकू नये, तो माशाच्या पोटात फुगतो. दाण्यांच्या वर थर्माकोलचा ज्वारीएवढा मणी ओवला की आमिष हलकं होतं आणि गवतात रुतण्याऐवजी त्याच्या माथ्यावर अलगद बसतं. मणी किती मोठा हवा हेही बादलीतच बघा. गळ हळूहळू बुडाला पाहिजे, तरंगता कामा नये.

मासा लागल्यावरचं पहिलं अर्धं मिनिट

रीलचा ड्रॅग, म्हणजे किती ओढीला दोरा सुटावा हे ठरवणारा स्क्रू, नदीत आपण सैल ठेवतो. मासा पळू दे, दमू दे, मग आणू. तळ्यात पळू दिलेला मासा थेट गवतात जातो. इथं ड्रॅग सुरुवातीपासून आवळलेला हवा, हातानं ओढल्यावर जेमतेम सुटेल इतका. त्यासाठी रॉडपाशी बसून राहणं आलं. भेळ खायला वडाखाली गेलात आणि घंटी ऐकून पळत आलात, तर तोवर मासा घरी पोचलेला असतो. रॉडही नीट अडकवून ठेवा, नाहीतर तोही जाईल.

घंटी वाजली की रॉड उचला आणि दोन पावलं मागं सरका. झटका देऊ नका, नुसता ताण धरा. मासा डावीकडं निघाला तर रॉड उजवीकडं आडवा, पाण्याला जवळजवळ समांतर. सरळ वर ओढण्यापेक्षा आडव्या ओढीनं त्याचं तोंड वळतं. पहिल्या वीस-तीस सेकंदांत तो मोकळ्या पाण्यात किंवा गवताच्या माथ्यावर आला तर निम्मं काम झालं. माथ्यावर आलेल्या माशाच्या तोंडावर गवताचा पुंजका बसला की तो बऱ्याचदा शांत होतो, दिसेनासं झाल्यामुळं असेल. अशा वेळी घाई न करता एकाच गतीनं गवतासकट सरकवत आणा. दोऱ्यावर गोळा होणारं गवत रॉडच्या टोकाशी आलं की सोबत्यानं बोटानं काढत राहावं. ते टोकाच्या कडीत अडकलं तर पुढं रील फिरत नाही.

आणि अडकलाच तर?

माझी जुनी रीत: दात-ओठ खाऊन ओढायचं. परिणाम वर सांगितलाच आहे. मामांनी जे करायला लावलं ते मला त्या क्षणी वेडेपणा वाटलं. त्या चौथ्या रविवारी, साडेअकराच्या सुमाराला, मुरमाच्या त्या तुकड्यावर मासा लागला आणि नेहमीसारखाच उजवीकडच्या गवतात जाऊन बसला. सगळं जड, मुकं. मी ओढायला लागलो तर मामा म्हणाले, "सोड."

"सोडू म्हणजे?"

"ढील दे. रॉड खाली ठेव. तंबाखू खातोस का? न्हाई? मग गप बस."

मी दोन हात दोरा सैल सोडून रॉड खाली ठेवला. दोरा पाण्यावर वेटोळं करून पडला. एक मिनिट. दोन. मामांनी तंबाखू मळली, चुना लावला, चिमूट दाढेखाली ठेवली. माझं सगळं लक्ष त्या वेटोळ्यावर. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला वेटोळं हललं. आधी वाटलं वाऱ्यानं. मग ते सावकाश सरळ व्हायला लागलं, डावीकडं, गवताच्या बाहेरच्या बाजूला. "आता," मामा म्हणाले.

ताण असेपर्यंत मासा ताणाच्या विरुद्ध, म्हणजे गवतात आणखी आत दाबत राहतो. ताण गेला की त्याला पळायचं कारण उरत नाही, आणि तो ज्या वाटेनं आत गेला त्याच वाटेनं बरेचदा बाहेर येतो. पाच मिनिटं थांबूनही हलला नाही तर जागा बदला: काठानं पंधरा-वीस पावलं चालत जा आणि वेगळ्या कोनातून ओढा. तेही नाही जमलं तर रॉड सरळ माशाच्या दिशेनं धरून, हाताला टॉवेल गुंडाळून दोरा सावकाश, न झटकता ओढा. वाकलेल्या रॉडनं जोर केला तर रॉड मोडतो. उघड्या हातानं ओढला तर तंगूस बोटं कापतं.

पाण्यात मात्र उतरू नका. कितीही मोठा मासा असो, कितीही पोहता येत असो. गवत पायाला वेढलं की जितकं झटकाल तितकं आवळत जातं, आणि खाली गाळ असतो. दोरा तोडा.

पहाटे काहीच लागत नाही

हा प्रश्न कमी वेळ असलेल्यांना जास्त छळतो, कारण आपण पाचला उठून सहाला काठावर असतो. नदीवर ते बरोबर. गवताळ तळ्यात पाण्यातली वनस्पती दिवसा प्राणवायू सोडते, पण रात्री तीच तो वापरते. सूर्योदयाच्या आधी पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो. गवत जितकं दाट, तितका हा चढउतार मोठा. मासे तेव्हा सुस्त असतात. ऊन चढलं, गवत कामाला लागलं की नऊ-दहानंतर त्यांची हालचाल वाढते. माझे ते सहाही मासे दहा ते बाराच्या मधले होते, आणि मी त्याला नशीब समजत होतो. आता आठला घरातून निघतो. पहिला अर्धा तास जागा शोधण्यात जातो, तोवर वेळ झालेली असते. घरचेही खूश.

दुसरी एक गोष्ट. जानेवारी ते मार्च या दिवसांत काठाजवळच्या गवतात मोठी खळबळ दिसते, पाठी वर येतात, पाणी उडतं, पण आमिषाकडं कुणी ढुंकून बघत नाही. तिथं तुमचं काही चुकलेलं नाही. सायप्रिनस वीण घालत असतात. त्यांची अंडी चिकट असतात आणि पाणवनस्पतीला चिकटवलेली असतात. पावसाळ्यात जुलै-ऑगस्टमध्ये पुन्हा हेच दिसतं. अशा वेळी तो काठ सोडून द्या आणि तिथं दाताळं तर अजिबात फिरवू नका.

रोहू, कटला, मृगळ मात्र साचलेल्या पाण्यात वीण घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. पूर्वी त्यांचं बीज, म्हणजे बारकी पिल्लं, नद्यांतून गोळा करावं लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी पीयूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन या माशांची वीण घडवून आणली, तेव्हापासून तळ्यांना बीज मिळायला लागलं. सांगायचं कारण, गावतळ्यातला प्रत्येक रोहू कुणीतरी पैसे मोजून सोडलेला असतो. तळं ठेक्यात असतं, बहुतेक मच्छीमार सोसायटीकडं. आधी विचारा, मासा ठेवायचा असेल तर ठरेल ते द्या. मला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. न विचारता बसलेल्यांचे रॉड काढून घेतलेले मात्र पाहिले आहेत.

तुटलेलं तंगूस काठावर टाकू नका, खिशात घाला. बगळ्याच्या पायात गुंतलेलं एकदा सोडवलंय, पुन्हा बघायची इच्छा नाही.

त्या रविवारचा मासा सायप्रिनसच होता. मामांच्या तागडीवर साडेतीन किलोला थोडा कमी भरला. ओठाच्या दोन्ही बाजूंना मिशांच्या जोड्या, कपाळावर अजून हायड्रिलाचा तुरा अडकलेला. वजन मधेच कुठंतरी तुटून गेलं होतं. सोसायटीच्या माणसाला पैसे देऊन मासा घरी आणला आणि बाराला येतो म्हणून दोनला पोचल्याबद्दल जे ऐकायचं ते ऐकलं.

त्यानंतर आणखी पाच वेळा गेलो. नऊ लागले, सहा काठावर आले. गेलेल्या तिनांपैकी दोन ढील द्यायला धीर न धरल्यामुळं गेले, ते माझ्याच खात्यावर. एक घरगुती सूचना राहिली: शनिवारी रात्री मका शिजवायला घरातला कुकर घेऊ नका. वास तीन दिवस जात नाही. मी रविवार पेठेतून जुना, झाकण बदललेला, पाच लिटरचा वेगळा आणलाय, तो गच्चीवर असतो.